डांगर

ठरलं होतं कोडाइकनालचं. आमच्या चेन्नईच्या ऑफिसात सहलीचा विषय निघाला की सगळ्यांची मतं डोंगराकडे धावतात. त्यात नवल नाही. ज्या शहरात जानेवारीतही पंखा बंद करवत नाही, तिथल्या माणसाला थंडी हीच चैन वाटते. पण जोडून आलेल्या सुट्ट्या फक्त आम्हालाच मिळालेल्या नव्हत्या. चौकशी सुरू केली तोवर कोडाइकनालला खोली उरली नव्हती, आणि उरली होती तिचं भाडं ऐकून आमच्यातला केरळचा मुलगा म्हणाला, एवढ्यात मी घरी जाऊन दोन दिवस मासे खाऊन येईन.

तेव्हा अकाउंट्समधले सर म्हणाले, "तंजावरला चला. डोंगर नाही, पण खायला मिळेल."

सर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी काही सुचवावं हेच इतकं दुर्मीळ की कोणी नाही म्हटलं नाही. मी तर सगळ्यांच्या आधी हो म्हटलं. मी साताऱ्याची, तीन वर्षांपूर्वी पुण्याहून बदली होऊन इथे आलेली. ऑफिसात माझं नाव 'मराठी मॅडम'. तमिळ मला भाजीवाल्यापुरती येते. तंजावर म्हटल्यावर मला वाटलं, आता दोन दिवस मी पाहुणी नाही, यजमान आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे आले, १६७५च्या सुमारास गादीवर बसले आणि १८५५पर्यंत भोसल्यांचं घराणं इथे नांदलं, हे मी गाडीत बसण्याआधीच तिघांना ऐकवून झाले होते.

एग्मोरहून रात्री उळवन एक्सप्रेस निघते. उळवन म्हणजे शेतकरी. गाडीचं नाव किती सरळ, असं मी म्हणाले. सर म्हणाले, "जिथे जाते तिथे दुसरं काय आहे?" पहाटे कुंभकोणमला उतरलो तेव्हा त्याचा अर्थ कळला. गाव संपतं तिथून भाताची शेतं सुरू होतात आणि नजर संपली तरी ती संपत नाहीत. सांबा हंगामाची कापणी चालू होती. डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर भात वाळत घातलेलं, आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून बस, सायकली, बकऱ्या आणि आमची भाड्याची व्हॅन. ड्रायव्हर भातावर चाक जाऊ न देता इतक्या सवयीने वळत होता की एखाद्या घरात झोपलेल्या पोराला ओलांडून जावं.

कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' पितळी दबऱ्यात येते. पेला दबऱ्यात उभा असतो. वरून खाली, खालून वर ओतून ती आपण निववायची. डिग्री हा शब्द दुधाचा कस मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवरच्या अंशावरून आला असं सांगतात. पाणी न घातलेलं दूध म्हणजे डिग्रीचं दूध. चिकोरीचा कडवटपणा आणि दुधाची साय यांचं भांडण जिभेवर सुटतं न सुटतं तोच पेला रिकामा होतो. मग इडली आली, सोबत कडप्पा. मुगाची डाळ आणि बटाटा यांचं हे पातळ कालवण, खोबरं आणि बडीशेपेच्या वासाचं. आमच्यातली मदुराईची मुलगी तमिळनाडूतच जन्मली-वाढली, पण कडप्पा तिनेही पहिल्यांदाच खाल्ला. "हे तुमच्याकडचंच," ती सरांना म्हणाली, "आमच्याकडे नाही."

मला तेवढंच निमित्त पुरलं. मी सांबाराची गोष्ट काढली. संभाजीराजे तंजावरला आले, इथल्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला घालायला आमसूल नव्हतं, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून पदार्थाचं नाव सांबार पडलं.

"म्हणजे सांबारही तुमचंच?" मदुराईची मुलगी म्हणाली. ती हसत होती, पण पूर्ण हसत नव्हती. "आता इडली तेवढी आम्हाला ठेवा."

सरांनी कॉफी संपवली. "गोष्ट चांगली आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "फक्त त्या काळातल्या एकाही कागदात ती नाही." आणि बिल द्यायला उठले.

तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात शिरल्यावर माणूस आधी गप्प होतो. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी, १०१०च्या सुमारास पुरं केलेलं हे शिखर साठ मीटरच्या वर गेलेलं आहे आणि सगळंच्या सगळं ग्रॅनाइटचं आहे. डेल्टाच्या गाळमातीत असा दगड मिळत नाही. तो बाहेरून वाहून आणला. मी मात्र शोधत होते ती भिंत. भोसल्यांच्या वंशाचं चरित्र सरफोजीराजांनी १८०३ साली या आवारातल्या भिंतीवर कोरून घेतलं. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याची ओळख आहे. सापडल्यावर मी अक्षर अक्षर लावत वाचायला लागले, सगळ्यांना बोलावलं, फोटो काढून घेतले. तमिळ देशातल्या चोळांच्या देवळात मराठी वाचता येत होतं आणि ते आमच्या गटात फक्त मलाच येत होतं, असं मी धरून चालले होते.

सर माझ्या मागे उभे होते. "कोणत्या सालचा?" त्यांनी विचारलं.

"अठराशे तीन."

"आणि राज्य गेलं सतराशे नव्याण्णवला," ते म्हणाले. "त्या वर्षी तह झाला. कारभार कंपनीकडे गेला, राजाकडे किल्ला आणि पेन्शन उरली. लेख त्यानंतरचा आहे."

मी ते साल शाळेत कधीतरी वाचलं असणार. पण ही दोन सालं मी कधी शेजारी ठेवली नव्हती. ज्या भिंतीसमोर मी यजमान होऊन उभी होते, ती राज्य हातातून गेलेल्या राजाने कोरून घेतलेली होती. सगळं गेल्यावर निदान हे पुसलं जाऊ नये म्हणून माणूस दगडाकडे वळला असेल. त्यानंतर मी फोटो काढले नाहीत.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात थोडा वेळ मिळाला. सरफोजीराजांनी हा संग्रह वाढवला. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांच्या बरोबरीने मराठी हस्तलिखितं, मोडी कागद, शरभेंद्र पाकशास्त्रासारखा त्यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचा ग्रंथसुद्धा इथे जपला गेला. सर म्हणाले, "इथे मराठी नाटकंही आहेत. शहाजीराजांची." मराठी नाटक म्हटलं की आपण १८४३ साल सांगतो, सांगली आणि विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर'. हे शहाजीराजे १६८४ ते १७१२ इथे गादीवर होते. म्हणजे सांगलीच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं इथे मराठी नाटकं लिहिली गेली. मी म्हटलं, "हो का?" सर माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, जणू मला काहीतरी आठवायला हवं होतं. मला काही आठवलं नाही.

दुपारचं जेवण सरांच्या गावी होतं. पापनाशमच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून कालव्याच्या काठाकाठाने आत. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं आणि ते या कालव्यांतून शेतापर्यंत कधी पोहोचतं यावर इथली वर्षं मोजतात. घर जुनं, कौलारू, दाराशी तिण्णै, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकता येईल असा दगडी ओटा. सरांनी चपला काढल्या आणि आत हाक मारली. आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. सगळे आले का, हातपाय धुवायला पाणी काढून ठेवलंय, उशीर का झाला.

हे सगळं मला कळलं. भाषांतर न करता कळलं. मी दारातच थांबले.

सर आत जाता जाता उत्तर देत होते, मराठीत. वाटेत गर्दी होती, सहा माणसं आहेत, एक मुलगी साताऱ्याची आहे.

त्यांची आई बाहेर आली. ऐंशीच्या घरातली, नऊवारी नव्हे, इथल्या पद्धतीचं साधं सुती लुगडं, नाकात दोन्हीकडे चमक्या. तिने माझा हात धरला. ती जे बोलली ते मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे. जसंच्या तसं उतरवायला माझा कान अजून तयार नाही. वाक्याची चाल तमिळ, स्वर लांबवलेले, आणि मध्येच असा एखादा शब्द जो मी फक्त माझ्या आजीच्या तोंडून ऐकला होता. ते लोक तिला दक्षिणी मराठी म्हणतात. तंजावर, कुंभकोणम, चेन्नई, बंगळुरूच्या घराघरांत ती साडेतीनशे वर्षं बोलली गेली, शाळेशिवाय, वर्तमानपत्राशिवाय.

"साताऱ्याहून आलीस?" ती म्हणाली. "आमचेही तिकडूनच आले म्हणतात. कोणी बघितलेलं नाही."

पानं मांडली होती. केळीच्या पानावर एकेक वाढप होत गेलं आणि ती एकेकाचं नाव सांगत गेली, तमिळ मंडळींसाठी तमिळमध्ये, माझ्यासाठी मराठीत. गंमत अशी की नावं तीच राहत होती. कोसुमल्ली आली, ती आमची कोशिंबीर. रसवांगी आली. तुरीची डाळ, खोबरं आणि कोवळी वांगी. मदुराईच्या मुलीने हा शब्द जन्मभर ऐकला होता, पण त्यात वांगी बसली आहेत हे तिला आज कळलं. तमिळमध्ये वांग्याला कत्तिरिक्काय म्हणतात. मग कारल्याचं पिटलै आलं. नाव ऐकून मी बेसनाचं पिठलं शोधत होते. पानात होती चिंच, तूरडाळ, भाजून वाटलेल्या खोबऱ्याचा मसाला आणि कारल्याच्या चकत्या. नाव सख्ख्या नात्यातलं, पदार्थ दुसऱ्या घरी वाढलेला. बोळी म्हणजे पोळी, पुरणाची, पण हातावर थापलेली, मऊ, जवळजवळ तळहाताएवढी.

शेवटी तिने वाटीतून एक पांढरट, दाटसर पदार्थ पानाच्या वरच्या कोपऱ्यात घातला. "डांगर पचडी," ती म्हणाली.

विदर्भात डांगर म्हणजे भोपळा. आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाचं पीठ. माझी आजी वाईला ते भाजलेल्या उडदाचं करायची. दह्यात कालवायचं, हिंग, मीठ, हिरवी मिरची, बारीक चिरलेला कांदा. भाजी नसली, पाऊस लागला, पाहुणा अवेळी आला, की डांगर. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. आईला ते आवडत नसे, मला करता येत नाही, पुण्याच्या कुठल्या खानावळीत ते मिळत नाही. हा शब्दच माझ्या तोंडून अकरा वर्षांत निघाला नव्हता. इथे कांदा नव्हता, वरून मोहरीची फोडणी होती. पण जिभेवर ठेवल्यावर तो भाजक्या उडदाचा वास नाकात चढला आणि मला घास गिळवेना. केरळच्या मुलाने विचारलं, तिखट लागलं का? मी मान हलवली.

"मला याची रेसिपी द्या ना, प्लीज," मी म्हटलं.

आजीने मुलाकडे बघितलं. मी काय म्हणाले ते तिला कळलं नव्हतं. सरांनी सांगितलं, कृती विचारते आहे. तशी ती खळखळून हसली. "ही मराठी बोलते का इंग्लिश?" तिने विचारलं. "साताऱ्याला असं बोलतात?"

सगळे हसले, मीही हसले. आणि त्या हसण्यातच मला ते आठवलं, जे सरांनी ग्रंथालयात माझ्या चेहऱ्यावर शोधलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, माझा ऑफिसातला पहिला आठवडा. कँटीनमध्ये मी एकटी बसले होते. सर डबा घेऊन आले आणि त्यांनी मला मराठीत विचारलं, जेवण झालं का? एवढंच वाक्य, याच चालीत, याच लांबवलेल्या स्वरांत. परक्या माणसाने कुठूनतरी एक मराठी वाक्य पाठ करून यावं तसं मला वाटलं. मी मोठ्याने हसले. म्हणाले, "सर, हे कुठलं मराठी? ऐतिहासिक नाटकातलं का?" शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. सरही हसले. त्यानंतर तीन वर्षं ते माझ्याशी इंग्रजीत बोलले. मला त्यात काही चुकलंय असं कधी वाटलंही नाही. ते वाक्य मी दुपारपर्यंत विसरले असेन. नवीन जागी, एकटं जेवणाऱ्या बाईला तिच्या भाषेत जेवणाचं विचारणारा तो एकच माणूस होता आणि मी त्याच्या भाषेला हसले होते.

संध्याकाळी तिरुवैयारुला गेलो. नावाचा अर्थ पाच नद्यांचं पवित्र गाव. त्यागराजांची समाधी इथे कावेरीच्या काठी आहे. आराधनेचे दिवस जवळ आले होते, मांडव उभे राहत होते. इथला अशोका हलवा प्रसिद्ध आहे. मुगाची डाळ शिजवून, साखर-तुपात घोटून केलेला, केशरी, बोटांना तूप सोडणारा. बाकीचे दुकानाशी रेंगाळले. मी आणि सर घाटाच्या पायऱ्यांवर द्रोण घेऊन बसलो. पाणी उतरलेलं होतं, मध्ये वाळू दिसत होती.

मी माफी मागितली. नीट जमलं नाही. कँटीन, पहिला आठवडा, असं काहीतरी तुटक बोलले.

"आठवलं का?" ते म्हणाले, अजूनही इंग्रजीतच. "त्यात काय. माझी मुलगीही हसते. तिला कळतं, पण बोलत नाही. शाळेतल्या मैत्रिणींसमोर आजीचा फोन घेत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "घरात आता माझ्याशिवाय आईशी या भाषेत बोलणारं कोणी नाही. आणि आईशिवाय माझ्याशी."

मी हिशेब केला. भोसल्यांची गादी जाऊन एकशे सत्तरच्या आसपास वर्षं झाली. गादी गेली तरी ही भाषा राहिली, कारण कोणीतरी रोज तिच्यात जेवण झालं का विचारत होतं. त्या घरातून ती जायला कुठल्या तहाची गरज नव्हती. शाळेतल्या चार मैत्रिणी आणि साताऱ्याहून आलेली एक बाई पुरेशी होती.

रविवारी परतण्यापूर्वी सर आम्हाला दक्षिणेला ओरत्तनाडूला घेऊन गेले. तिथे मुक्तांबाळ छत्रम आहे. सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने १८०२च्या सुमारास बांधलेलं. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी छत्रं उभारली होती, वाटसरूंना अन्न आणि निवारा देणारी. इमारत थकलेली आहे, पण खांब अजून भक्कम आहेत. १८०१ साली कंपनीने या छत्रांच्या जमिनींना हात लावू नये म्हणून सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं, त्यातली माहिती सरांना तोंडपाठ होती. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत येईल त्या वाटसरूला भात मिळे. ज्याला शिजवलेलं चालत नसे त्याला कोरडा शिधा. त्या काळाचे भेद त्यातही आहेतच. पण वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, अजून कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं.

केरळच्या मुलाने विचारलं, घंटा कुठे होती? सर म्हणाले, माहीत नाही. आम्ही सगळेच उगाच वर, तुळयांकडे बघत राहिलो.

मदुराईची मुलगी माझ्या शेजारी होती. "हे मात्र तुमचं म्हणून सांगितलंस तर चालेल," ती म्हणाली. मी काही सांगितलं नाही.

सोमवारी ऑफिस. आईने सरांजवळ माझ्यासाठी छोट्या डब्यात भाजक्या उडदाचं पीठ दिलं होतं, कागदावर तमिळ लिपीत कृती लिहून. जेवणाच्या सुट्टीत सर डबा घेऊन आले. मी आधीच उठले आणि त्यांना विचारलं, जेवण झालं का? मी ते त्यांच्या आईच्या चालीत म्हणायचा प्रयत्न केला होता. रात्री गाडीत मनातल्या मनात घोकलंही होतं. स्वर भलत्याच ठिकाणी लांबला.

सरांनी डबा टेबलावर ठेवला आणि ते हसायला लागले, खुर्चीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. मग त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणून दाखवलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं.